पैसा संपतो, हे त्याला दिसू द्या

पत्र

ताई, आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहतो. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मुलाने (वय १४, नववी) आजोबांच्या फोनवरून मोबाइल गेममध्ये ४,८६० रुपये घालवले. एकदम नाही, अकरा वेळा थोडे थोडे. आजोबा पासबुक भरून आणायला गेले तेव्हा उघडकीस आलं. पिन त्याला माहीत होता, कारण आजोबांना फोनवर यूपीआय त्यानेच सुरू करून दिलं होतं. हे त्याला खूप बोलले आणि पॉकेटमनी कायमचा बंद केला. आता साधं पेन हवं असलं तरी मागायचं. तो उलट म्हणाला, "तुम्ही तरी टीव्ही कुठे रोख घेतला? हप्त्यावरच आणला ना?" तेव्हापासून दोघांत धड बोलणं नाही. आजोबा गुपचूप त्याच्या दप्तरात पन्नासची नोट घालतात. मला दिसतं, पण मी गप्प बसते. धाकटी मुलगी नऊ वर्षांची, मार्चमध्ये दहाची होईल. तिचं उलटंच. गल्ल्यात पैसे टाकत राहते, स्वतःसाठी काही घेत नाही, आम्हालाही घेऊ देत नाही. शेजारचा गुजराती मुलगा याच्याच वयाचा, संध्याकाळी वडिलांच्या दुकानात बसून गिऱ्हाईक सांभाळतो. सासूबाई म्हणतात, धंदा आपल्या रक्तातच नाही. मुलांना पैसे द्यावेत की नाही? किती द्यावेत? मार्कांवर द्यावेत का? आणि झालं त्याचं काय करायचं?

एक आई

उत्तर

नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा "अकरा वेळा" या शब्दांपाशी थांबले. अकरा वेळा पैसे गेले आणि घरात कुणाचाही खिसा हलका झाला नाही. आजोबांच्या पाकिटातल्या नोटा होत्या तेवढ्याच राहिल्या, कपाटातल्या डब्याला कुणाचा हात लागला नाही. गेमने आधी रुपयांचे हिरे केले, मग हिऱ्यांचे कपडे आणि बंदुका. मुलाच्या डोळ्यांपुढे हिरे कमी-जास्त होत होते, रुपये कुठेच नव्हते.

त्याने केलं ते चूकच. दुसऱ्याच्या पैशाला न विचारता हात लावायचा नाही, हे चौदाव्या वर्षी कळायला हवं, आणि त्याला ते आतून कळतही असणार, नाहीतर त्याने लपवलं नसतं. पण त्यामागे मला आणखी एक गोष्ट दिसते. या मुलाने पैसा संपताना कधी पाहिलेला नाही. लागेल तेव्हा तुम्ही दिलात, तुम्ही नाही दिलात तर आजोबांनी दिला, आणि फोनमध्ये तर तो कायम होताच. आता तुमच्या यजमानांनी पॉकेटमनी बंद केलाय. म्हणजे जी एक गोष्ट त्याच्या हातात मोजकी येऊन संपली असती, तीही गेली. आता त्याला फक्त मागायचं कसं आणि कुणाकडे, एवढंच शिकायला मिळेल. दप्तरातली पन्नासची नोट तेच शिकवते आहे.

आधी झालेल्या प्रकाराचं बघू. ते तसंच ठेवून पुढचं काही सुरू करू नका.

एका रविवारी सकाळी आजोबा, मुलगा आणि तुम्ही दोघं असे बसा. धाकटीला बाहेर पाठवू नका, ती का हवी ते पुढे सांगते. आजोबांचं पासबुक समोर ठेवा आणि त्या अकरा नोंदी मुलालाच वाचायला सांगा. तारीख आणि रक्कम, मोठ्याने. कुणी मध्ये बोलायचं नाही. "बघ, बघ" नको, "आमच्या वेळी" नको. वाचून झालं की बेरीज त्यालाच करू दे.

मग वाटणी. माझं मत असं की निम्मे पैसे घराने सोसावेत, कारण निम्मी चूक मोठ्यांची आहे. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती पिन देऊन आपण सगळे निर्धास्त होतो. राहिले २,४३०. त्यातले तीस त्याने तिथेच द्यावेत, उरलेले २,४०० दर महिन्याला २०० प्रमाणे बारा महिने. वहीच्या एका पानावर लिहा आणि प्रत्येक महिन्याला दोनशे दिले की आजोबांची सही घ्या. पूर्ण ४,८६० त्याच्याकडून वसूल करायचा हट्ट धरू नका. दोन वर्षं लांबणारी फेड मुलाला फेड वाटत नाही, जन्मठेप वाटते, आणि तो मध्येच सोडून देतो. बारा महिन्यांचं टोक त्याला दिसतं.

यात सगळ्यात अवघड काम आजोबांचं आहे. दोनशे रुपये हातात घ्यायचे, सही करायची आणि ते परत त्याच्या दप्तरात घालायचे नाहीत. हे तुम्ही नका सांगू, तुमच्या यजमानांना सांगू द्या. वडिलांशी मुलगा बोलतो तसं, एकटं गाठून. आजोबांची माया मला समजते. त्यांना नातवाला द्यायचंच असेल तर वाढदिवसाला, संक्रांतीला, सगळ्यांसमोर द्यावं.

फोनचं काम अर्ध्या तासाचं आहे. पिन बदला आणि तो मुलाला सांगू नका. आजोबांचं पेन्शनचं खातं यूपीआयला जोडलेलं असेल तर ते काढून दुसरं एखादं खातं जोडा, ज्यात दोन-तीन हजारांहून जास्त राहणारच नाहीत. प्ले स्टोअरमध्ये दर खरेदीला पासवर्ड विचारण्याची सोय आहे, ती चालू करा, आणि कुठे आपोआप पैसे कापायची परवानगी देऊन ठेवली आहे का तेही बघून घ्या. प्ले स्टोअरवरची खरेदी परत करायची तर पहिल्या ४८ तासांत अर्ज करणं सोपं असतं. नंतर गेम बनवणाऱ्यांच्या दारात जावं लागतं, म्हणून तुमच्या बाबतीत मी फार आशा दाखवत नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्यावरही विसंबू नका. त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, पण तुमच्या मुलाने घेतले तसे हिरे आणि कपडे विकणारे साधे गेम त्यात येत नाहीत.

आता पैसे द्यायचे की नाही. द्यायचे. ठरलेल्या दिवशी, ठरलेली रक्कम, रोख.

किती, याला एकच उत्तर नाही, पण शोधायची रीत आहे. गेल्या महिन्यात त्याच्यासाठी सुटे सुटे काय काय दिलंत ते आठवून लिहा. शाळेच्या कॅन्टीनचे आठवड्याला साठ म्हणजे महिन्याचे २४०, वह्या-पेनांचे १००, मित्राच्या वाढदिवसाच्या भेटीचे १५०, केस कापायचे १००, मित्रांबरोबर सेव-उसळ खायला गेला त्याचे १६०. झाले साडेसातशे. हे आकडे मी नमुन्याला धरलेत, तुमचे तुम्ही मांडा. जी बेरीज येईल ती त्याची रक्कम. सुरुवातीला ती महिन्याची एकदम देऊ नका, दोन भागांत द्या, पहिल्या आणि सोळाव्या तारखेला. त्यातूनच आजोबांचे दोनशे जायचे आहेत, हे त्याला आधीच माहीत हवं.

खरं शिक्षण रकमेत नाही, तिच्याबरोबर दिलेल्या जबाबदारीत आहे. वही, पेन, केस, मित्राची भेट हे सगळं आता त्याचं. नुसते "खाऊचे पैसे" दिले तर संपले म्हणून काही अडत नाही, पुढच्या तारखेपर्यंत खाऊ नाही एवढंच. पण केस वाढलेत, शाळेत सर बोलतात आणि खिशात चाळीस रुपये आहेत, ही जी संध्याकाळ असते ना, ती मुलाला खूप शिकवते. त्या संध्याकाळी तुम्हाला मदत करावीशी वाटेल. तेव्हा करू नका. जेवायला वाढा, प्रेमाने बोला, पैसे देऊ नका. शाळेची फी, डबा, औषध, गणवेश यांना मात्र या हिशेबात कधीही आणायचं नाही. ते आईबापांचं.

हे मी ठामपणे लिहिते, कारण मी स्वतः याच्या उलट वागले आहे. माझा मुलगा पंधरा वर्षांचा असताना उत्तरायणासाठी, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांसाठी, दिलेले पैसे त्याने तीन दिवसांत उडवले. चौदा जानेवारीच्या सकाळी गच्चीवर रिकाम्या हातांनी उभा राहिलेला मला बघवेना. मी खाली गेले, कपाटातून शंभराची नोट काढली आणि त्याच्या वडिलांना न सांगता दिली. पुढेही तसंच करत गेले. फार नाही, कधी पन्नास, कधी शंभर. तो पुण्यात नोकरीला लागल्यावर चौथ्या वर्षी त्याचा फोन आला, रात्री अकराला. क्रेडिट कार्डाचे ८४ हजार झाले होते. दर महिन्याला तो बिलावर छापलेली किमान रक्कम तेवढी भरत होता आणि आपण पैसे फेडतोय असं समजत होता. उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर व्याज चढत होतं. मी एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली, हजारो लोकांची पासबुकं भरून दिली, आणि माझ्या मुलाला व्याज कसं चढतं हे माहीत नव्हतं. संपलं की आई भरते, एवढंच त्याला माहीत होतं. आम्ही ते पैसे एकरकमी भरून टाकले आणि मग त्याने आम्हाला दीड वर्ष हप्त्याने परत केले. त्या दीड वर्षात तो जे शिकला ते गच्चीवर शंभर रुपयांत शिकला असता.

म्हणून तुमच्या हातात आत्ता जी संधी आहे ती मला फार मोलाची वाटते. उत्तरायण महिन्यावर आलंय. त्याला एक रक्कम ठरवून द्या, समजा सहाशे. दोरी, फिरकी, पतंग, टोपी, चिक्की, सगळं त्यातच. ही सणाची म्हणून वेगळी. गेंडीगेटच्या पतंगबाजारात त्याला घेऊन जा, पण चार पावलं मागे राहा. तिथे दोन खांबांमध्ये ताणलेल्या दोरीवर गुलाबी लगदा फिरवणारे कारागीर असतात, पतंग पंजो (पाच) आणि कोडीच्या (वीस) हिशेबाने मिळतात, आणि दर दुकानात भाव वेगळा. मुलगा पहिल्याच दुकानात फिरकीला हात घालेल. घालू दे. दोरीला साडेतीनशे गेले की पतंगांना किती उरतात हे त्याला तिथेच उभं राहून मोजावं लागेल. एक कोडी घ्यावी की दोन पंजो चांगल्या कागदाचे घ्यावेत, हा प्रश्न त्याला स्वतःला पडू दे. तुमचं मत विचारलं तरच सांगा. एका बाबतीत मात्र आधीच बजावा: नायलॉनची चायनीज दोरी कोणी कितीही स्वस्त देऊ केली तरी आणायची नाही. तिच्यावर बंदी आहे आणि तिने माणसांचे, पक्ष्यांचे गळे कापले जातात.

मग चौदा तारीख. त्याने कदाचित किन्ने, म्हणजे पतंगाला बांधायचे दोरे, बांधायला आळस केला असेल, पतंग फाटतील, अकरा वाजता गठ्ठा संपेल. खाली दुकान उघडं असेल आणि सगळी गच्ची "काप्यो छे" म्हणून ओरडत असेल. त्या वेळी तुमच्या यजमानांनी, आजोबांनी आणि तुम्ही, तिघांनीही खिशात हात घालायचा नाही. तो कटून आलेले पतंग पकडेल, मित्राची फिरकी धरेल, एखादा फाटलेला पतंग पट्टी लावून चिकटवेल. आणि दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, त्याचं काय करायचं हे तो चौदाच्या रात्री स्वतः ठरवेल. पतंग संपतात तेव्हा ते दिसतं. फोनमधल्या हिऱ्यांचं तसं नसतं.

टीव्हीच्या हप्त्याबद्दल. मुलाने उलट उत्तर दिलं हे तुम्हाला लागलं, यजमानांना तर जास्तच लागलं असणार. बोलण्याची तऱ्हा वाईट होती, पण प्रश्न खरा आहे. त्याला उत्तर द्यायला हवं, नाहीतर त्याच्या मनात एकच राहील की मोठे घेतात तो हप्ता आणि आपण घेतो ती चोरी. टीव्हीचा कागद काढा. रोख किंमत काय होती, हप्ता किती, किती महिने, वर प्रोसेसिंग फी किती पडली. बिनव्याजी म्हणून विकतात त्या हप्त्यातही व्याज आत कुठेतरी असतंच, दुकानदार सूट म्हणून ते वळतं करून देतो, आणि हप्ता क्रेडिट कार्डावरचा असेल तर त्या व्याजावरचा जीएसटी आपल्याच बिलात येतो. हे मुलाबरोबर बसून शोधा. तुमच्या यजमानांना हे करताना असं वाटलं की टीव्हीची घाई केली, सहा महिने थांबलो असतो तर बरं झालं असतं, तर त्यांनी तसं मुलासमोर म्हणावं. आणि हप्ता घेणं योग्यच होतं असं वाटलं, तर तेही कारणासकट सांगावं. ते आधी मिळवतात, दर महिन्याला हप्त्याचे पैसे बाजूला काढतात, कुणाला न विचारता कुणाच्या खात्यातून घेत नाहीत. हा फरक मुलाला शांतपणे सांगितला तर कळतो, चढ्या आवाजात कळत नाही. टीव्हीचा हप्ता साडेचार-पाच हजारांच्या आसपास असेल तर त्याला हेही आपोआप दिसेल, की त्याने दिवाळीत घरचा एक अख्खा हप्ता उडवला.

याच्याच पुढची गोष्ट म्हणजे घरचा जमाखर्च. आपल्याकडे, विशेषतः नोकरदार घरात, मुलांसमोर पैशाचं बोलत नाहीत. पगार किती हे मुलांना लग्नापर्यंत ठाऊक नसतं. त्यांना काळजी लागू नये म्हणून आपण हे करतो आणि होतं काय, तर मुलांना वाटतं एटीएम हाच पैशाचा उगम.

शंभर शेंगदाणे घ्या. जेवायच्या टेबलावर सात-आठ वाट्या मांडा. घराचा हप्ता किंवा भाडं, किराणा आणि भाजी, शाळा, वीज-गॅस, आजी-आजोबांची औषधं, स्कूटरचं पेट्रोल, बचत, आणि सण-पाहुणे. घरात येणारे सगळे पैसे म्हणजे हे शंभर दाणे. तुमच्या खऱ्या खर्चाच्या प्रमाणात एकेका वाटीत दाणे टाका. मोठ्याला टाकू द्या, धाकटीला मोजू द्या. पगाराचा आकडा सांगायचा की नाही हे तुमच्यावर. मी चौदा वर्षांच्या मुलाला सांगेन, नऊ वर्षांच्या मुलीला नाही. हाताशी शेवटी किती दाणे उरतात ते बघून दोघंही गप्प होतील. मग विचारा, "समजा नवे बूट घ्यायचेत, तीन दाण्यांचे. कुठल्या वाटीतून काढू?" उत्तर तुम्ही सुचवायचं नाही. एका घरात हा प्रयोग केला तेव्हा मुलाने औषधांच्या वाटीकडे हात नेला आणि आजीकडे बघून मागे घेतला. मी तिथे बसलेले होते.

त्यानंतर विजेचं बिल त्याच्याकडे सोपवा. आपल्याकडे मध्य गुजरात वीज कंपनीचं बिल दोन महिन्यांनी येतं. त्यातले युनिट मागच्या बिलाशी ताडून बघायचे, वाढले असतील तर का, ते घरात सांगायचं. भरायचे पैसे तुमचेच.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि "धंदा आपल्या रक्तात नाही" याबद्दल माझं म्हणणंही सांगा. शेजारच्या मुलाच्या रक्तात काही वेगळं नाही. तो रोज संध्याकाळी गल्ल्यापाशी बसतो. कधी दोन तास गिऱ्हाईक येत नाही, कधी माल पडून राहतो, कुणी उधारी बुडवतो, आणि दिवाळीला चोपडापूजनाच्या, म्हणजे हिशेबाच्या वह्यांच्या पूजेच्या वेळी वर्षाचा हिशेब सगळ्या घरासमोर होतो. पैसा येतो, अडतो आणि संपतो, हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत चालतं. आपल्या मुलांना आपण हे बघूच देत नाही. आणि रक्ताचंच म्हणाल तर ज्यांच्या राज्यात आपले पणजोबा नोकरीला आले ते सयाजीराव महाराज कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातले. १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते. पुढे त्याच माणसाने २० जुलै १९०८ रोजी या शहरात बँक ऑफ बडोदा उभी केली.

मार्कांवर पैसे देऊ नका. अभ्यास त्याचा स्वतःचा आहे, तो तुम्ही विकत घेऊ नये. आपलं ताट उचलणं, अंथरूण घालणं यालाही पैसे नाहीत. पण माळा साफ करणं, पस्ती (रद्दी) बांधून विकून येणं, अशी जास्तीची कामं त्याने मागून घेतली तर ठरवून मोबदला द्या. पस्तीचे पैसे त्याचेच. आजोबांचे दोनशे लवकर फिटावेत असं त्याच्या मनात आलं तर त्याला एक वाट उघडी असावी, म्हणून हे.

आता धाकटी. तुमच्या पत्रात तिच्यावर चारच ओळी आहेत, पण मला तिची जास्त काळजी वाटते. साठवणारं मूल दिसलं की आपण कौतुक करतो आणि पुढे जातो. ती पैसे साठवते हे चांगलंच, पण आईबाबांनाही काही घेऊ देत नाही, हे मला बचतीपेक्षा भीतीसारखं वाटतं. ही सवय दिवाळीनंतर वाढली का, ते आठवून बघा. घरात पैशावरून आवाज चढले ते तिने ऐकले असणार, आणि पैसे संपले की आपल्या घरात भांडण होतं, असं तिने धरलं असेल. म्हणून त्या रविवारी ती तिथे हवी. पैशाचं बोलणं शांतपणेही होतं, दादाने चूक कबूल केली, आजोबांनी सही केली आणि सगळे जेवायला बसले, हे तिने पाहायला हवं.

तिच्यासाठी दोन कामं आहेत आणि दोन्ही मार्चशी बांधलेली आहेत. सुकन्या समृद्धी खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं, तेव्हा घ्यायचं असेल तर आत्ताच पोस्टात किंवा बँकेत जा. वर्षाला किमान २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, पंधरा वर्षं भरायचे आणि उघडल्यापासून एकवीस वर्षांनी खातं पूर्ण होतं. म्हणजे ती तिशीत असेल. दहावीनंतर किंवा अठरा झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतात. खातं चांगलं आहे, जरूर उघडा, पण ती तुमची बचत आहे. त्यातून तिला पैसा कळणार नाही.

तिला पैसा कळेल तो दहा पूर्ण झाल्यावर. दहा वर्षांचं मूल स्वतःच्या सहीने बचत खातं उघडून स्वतः चालवू शकतं, रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये हे नियम नव्याने एकत्र करून सांगितले आहेत. किती रकमेपर्यंत आणि एटीएम कार्ड द्यायचं की नाही हे ज्या त्या बँकेने ठरवायचं. अशा खात्यात शिलकीच्या खाली एक रुपयाही जाऊ देत नाहीत, मला ते फार आवडतं. माझ्या काउंटरवर मुलं यायची, टाचा उंच करून, जीभ दातांत धरून स्लिपवर सही करायची. सही जुळली की त्यांचा चेहरा बघावा. तिला तिच्या वाढदिवसाच्या आठवड्यात न्या. गल्ला तिनेच फोडायचा, नाणी तिनेच लावायची, स्लिप तिनेच भरायची. वेळ लागेल, मागे रांग असेल, असू दे.

पण सगळे पैसे भरू देऊ नका. त्यातले दोनशे-तीनशे हातात ठेवायला सांगा आणि बँकेतून तशाच मांडवीच्या बाजाराकडे वळा. तिला काय आवडतं ते तुम्हाला ठाऊक असेल: बांगड्या, रंगपेटी, काहीही. ती म्हणेल, नको, राहू दे. तुम्ही म्हणा, घे. हवं तर चार दुकानं फिरा, भाव करा, पण काहीतरी घेऊनच घरी या. ती वस्तू घरी आणल्यावर कुणी किंमत विचारायची नाही आणि "एवढ्याला कशाला घेतलंस" म्हणायचं नाही. हे आजीलाही आधी सांगून ठेवा.

मुलाला यूपीआय सध्या नको. बारा सह्या पूर्ण झाल्या की पुन्हा विचार करा. आता घरातल्या माणसाला आपल्या खात्यातून मर्यादेपर्यंत पैसे द्यायची मुभा देणारी यूपीआय सर्कलची सोय आहे, त्यात प्रत्येक व्यवहाराला तुमची मंजुरी लागेल असंही ठेवता येतं. तोपर्यंत त्याच्या खिशात नोटाच असू द्या, आणि एक वही. वहीत रोज लिहायला लावू नका, दोन आठवड्यांत कंटाळेल. फक्त पहिल्या आणि सोळाव्या तारखेला, नवे पैसे हातात देण्याआधी, जुने कुठे गेले ते पाच ओळींत. हिशेब जुळला नाही तर ओरडू नका. "इथले सत्तर सापडत नाहीत" असं त्याने स्वतः लिहिलं तरी मला पुरे आहे.

सोळा जानेवारीला त्याच्या वहीचं पहिलं पान भरलेलं असेल. मला लिहा. पतंग किती वाजता संपले आणि मग त्याने काय केलं, एवढं तरी नक्की कळवा.